सातारला, दोन दिवसांसाठी

आमच्या खानदानात प्रवासाची कारणं ठरलेली आहेत. लग्न, मंगनी, अकीका, मयत, चाळिसावं, उरूस आणि मिरजेचा दवाखाना. यातलं एकही नसताना कुणी बॅग भरली की लोकांना काळजी वाटते. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी मोठ्या भावजयीला फोनवर सांगितलं की उद्या आम्ही दोघं सातारला निघालोय. पलीकडून पहिला प्रश्न आला, "या अल्ला, कौन गुजर गया?" कुणी नाही, नुसतंच फिरायला चाललोय म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फिरने को लोगां महाबळेश्वर जाते. सातारे में क्या है?"

हे खूळ मुळात मुलाचं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्या ऑफिसातली माणसं कामासाठी युरोपात जातात आणि शनिवार-रविवार जोडून प्राग, व्हिएन्ना बघून येतात. "जुन्या राजधान्या आहेत अब्बा, दोन दिवसांत पायी बघून होतात," असं तो सांगत होता. मी म्हटलं, जुनी राजधानी तर आपल्याकडंही आहे, सांगलीपासून सव्वाशे किलोमीटरवर, आणि पासपोर्ट लागत नाही. मी थट्टेत बोललो होतो. बायकोनं मात्र लगेच विचारलं, "कधी जायचं?" तिनं एवढ्या चटकन कशाला विचारलं, ते मला शनिवारी रात्री कळलं.

साताऱ्यात आमचा संसार सुरू झाला. १९८९ साली लग्न झालं, त्याच वर्षी नोकरीनं मला तिथं नेऊन टाकलं आणि १९९६ साली बदलीनं सांगलीला आणलं. त्यानंतर साताऱ्याला गेलोच नाही असं नाही. सदर बझारात नातलग आहेत, वर्षातून एखादा निकाह असतो. पण ते जाणं म्हणजे मंडपात उतरायचं, बिर्याणी खायची, पाकीट द्यायचं आणि पाचची गाडी धरायची. ज्या गावातली प्रत्येक गल्ली पायाखालची होती, ते गाव तीस वर्षं एसटीच्या खिडकीतून बघत आलो.

तसं पाहिलं तर सांगली आणि सातारा ही दोन गावं नव्हेतच. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थानं एकत्र करून नवा जिल्हा केला, त्याचं नावच 'दक्षिण सातारा' होतं. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा म्हणून दक्षिण साताराच आहे. अब्बा तासगाव तालुक्यातल्या खेड्यातून सातारला शिकायला गेले, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. कर्मवीरांनी १९२४ मध्ये हे बोर्डिंग साताऱ्यात सुरू केलं. महार, मराठा, मांग, जैन, मुसलमान पोरं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. अब्बा शेवटपर्यंत भाकरी हातावर थापून दाखवायचे आणि म्हणायचे, ही साताऱ्याची विद्या. तेव्हा सातारा आमच्या घरात माझ्याआधी एक पिढी आलेला आहे.

शनिवारी सकाळी सांगली स्टँडवरून निघालो. तिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झाल्यापासून ती तिकीट स्वतः काढते आणि माझ्याकडं जरा विजयानं बघते. मांडीवर एक कापडी पिशवी होती. मी ती वरच्या फळीवर ठेवायला हात केला, तर म्हणाली, "राहू द्या, सांडेल." काय सांडेल ते सांगितलं नाही.

आष्टा गेलं. पुढं कंडक्टर ओरडला, "इस्लामपूर, इस्लामपूर!" २०२५ च्या जुलैत विधानसभेत या गावाचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली. कंडक्टरच्या जिभेनं अजून ती ऐकलेली नाही. मला स्वतःला नावं बदलण्याचा फार त्रास होत नाही असं मी पूर्वी म्हणायचो. उरुण-इस्लामपूर हे जोडनावच असं होतं की दोन्ही बाजूंना आपापलं बोलता यायचं, आणि तिथल्या शंभूआप्पा-बुवाफनच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघंही नारळ घेऊन जातात. पण शेजारच्या सीटवरचा कॉलेजचा पोरगा मित्राला फोनवर "ईश्वरपुरात आलोय" म्हणाला, तेव्हा बायकोनं खिडकीकडं तोंड फिरवलं, हे मी बघितलं.

पेठ नाका, कराड, उंब्रज. साडेअकराला सातारा स्टँड.

लॉजचं थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी फोनवर खोली आहे म्हणाले होते. काउंटरवर दोघांची आधार कार्डं ठेवली. पोरानं ती वाचली, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सॉरी काका, एक ग्रुप आलाय, फुल्ल झालं." बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच बायको म्हणाली, "आला असेल ग्रुप." तिचं हे नेहमीचं आहे. ती संशयाचा फायदा देते आणि मी हिशेब ठेवतो. दोघांपैकी कुणाचं बरोबर हे कळायची सोय नाही, आणि खरा जाच तोच आहे. समोर सरळ नाही म्हणणारा माणूस परवडला. दुसऱ्या लॉजवर एका म्हाताऱ्या मालकांनी कार्डाकडं न बघता विचारलं, "गरम पाणी सकाळी सहाला लागेल का सातला?" खोली तिथं घेतली.

दुपारी राजवाड्याकडं निघालो. 'राजधानी सातारा' असे फलक आता जागोजागी आहेत. आम्ही राहायचो तेव्हा हे कुणाला लिहून सांगावं लागत नव्हतं. पोवई नाक्याखालून भुयारी रस्ता झालाय आणि वर उभं राहिलं की आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत हे कळत नाही. मोती चौकाच्या बाजूला गेल्यावर मात्र पाय आपोआप चालू लागले. कंदी पेढ्याचा वास तसाच, भाजलेल्या खव्याचा, जरासा करपट. राजवाड्याच्या प्रतापसिंह हायस्कूलजवळ बायको थांबली. याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट नेणाऱ्या त्या पोराबद्दल ती आमच्या मुलांना झोपताना सांगायची. संध्याकाळच्या गोष्टींत तिच्याकडं पैगंबरांच्या आणि बाबासाहेबांच्या गोष्टी एकाच सुरात यायच्या.

तिथून शनिवार पेठ. आमच्या वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे हे ऐकून होतो. वाड्यात आम्ही सात वर्षं एका खोलीत काढली. मालक काका पोस्टातून निवृत्त झालेले, ब्राह्मण, आणि काकू कमालीच्या सोवळ्याच्या. खोली देताना काकूंनी एकच अट घातली होती, मटण शिजवायचं तर खिडकी उघडी ठेवायची नाही. बायकोनं तिची अट सांगितली, चतुर्थीला मोदक वर पाठवायचे. सात वर्षं दोघींनी शब्द पाळला. काका-काकू दोघंही आता नाहीत. तळमजल्यावर त्यांचा मुलगा राहतो. आम्ही आलो तेव्हा तो चौथीत होता.

बेल वाजवली. त्यानं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि "भाभी!" म्हणून वाकून पाया पडला. चहा झाला, पोहे झाले. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाट्या वाड्यात वाटायचं काम त्याचं असायचं, आणि प्रत्येक वाटीतला एक बदाम वाटेत गायब व्हायचा, हे त्यानं स्वतःच सांगितलं. त्याची बायकोही मोकळी होती. मग इमारतीचा विषय निघाला. वरचा एक फ्लॅट त्याच्या वाट्याचा आहे, रिकामा आहे. मी सहज म्हटलं, भाड्यानं का देत नाहीस? तो म्हणाला, "सोसायटीला विचारून द्यावा लागतो काका. लोक फार बघतात हल्ली, कोण, कुठलं."

बायकोनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "आम्ही आलो असतो तर दिली असतीस का रे?"

तिच्या आवाजात काही टोचणी नव्हती. चौथीतल्या पोराला विचारावं तसं विचारलं. त्यानं आधी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं, मग आमच्याकडं. "आईनं दिली होती भाभी," तो म्हणाला. "माझ्या एकट्याच्या हातात नाही आता." त्याची बायको उठून आत गेली. खोटं बोलायला त्याला काही पैसे पडत नव्हते, आम्ही काही खोली मागायला गेलो नव्हतो. त्याला खोटं सांगता आलं नाही, हे मला बरं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. निघताना त्यानं काकूंचं जुनं पितळी वाटीचं झाकण बायकोच्या हातात दिलं. "वाटी तुमच्याकडंच राहिली होती, आई म्हणायची." वाटी खरंच आमच्याकडं आहे.

रात्री लॉजवर बायकोनं पिशवी उघडली. आत दह्याच्या रिकाम्या डब्यात ओली माती आणि सब्जाची दोन रोपं. आमच्या गॅलरीतली. म्हणाली, "उद्या मला गेंडामाळावर न्या."

गेंडामाळावर साताऱ्याचं कब्रस्तान आहे. १९९३ च्या जुलैत आमची पहिली मुलगी तिथं दफन झाली. ती दीड दिवस जगली. मी तिच्या कानात अजान दिली होती, नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. बायको दवाखान्यात खाटेवर होती, तिला उठायची परवानगी नव्हती. सात-आठ माणसं जमली. पाऊस असा की कबर खणली की पाणी भरत होतं, डब्यानं उपसावं लागलं. एवढ्याशा मयतीला जनाजा लागत नाही, बाप दोन्ही हातांवरच घेऊन जातो. मालक काका आमच्याबरोबर आले होते. सगळ्या वाटेवर त्यांनी छत्री धरली होती, माझ्यावर नाही, त्या कापडावर. मातीही त्यांनी दिली, बाकीच्यांनी दिली तशी, तीन मुठी.

पुढं अल्लाहच्या मेहरबानीनं दोन मुलं झाली, मोठी झाली. आम्ही त्या मुलीबद्दल फारसं बोललो नाही. मी सातारला मयतीला गेलो की आत जाऊन फातेहा पढून यायचो. ती बाहेर बायकांत असायची. मी आल्यावर नुसती बघायची. मी मान हलवायचो. बत्तीस वर्षं एवढंच.

आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. का जात नाहीत, असं विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतात. रडून गोंधळ घालतात, पाकी-नापाकीचा प्रश्न असतो, मनानं कमजोर असतात, हदीस आहे. हदीस दोन्ही बाजूंच्या आहेत. पैगंबर साहेबांनी आधी कबरींची जियारत मना केली होती आणि नंतर परवानगी दिली, आखिरतची याद राहते म्हणून. हे सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत आयशा आपल्या भावाच्या कबरीवर गेल्याची रिवायत आहे. बायकांना मनाई करणाऱ्या रिवायतीही आहेत, आणि उलेमांमध्ये यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत. जिथं मतभेद आहे तिथं आपल्याकडं बायकांच्या वाट्याला नेहमी कडक बाजूच येते, हा योगायोग मला पटत नाही. गंमत अशी की मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात हीच बाई पन्नास वेळा गेली आहे. हाजी अलीच्या मजारपर्यंत बायकांना जाऊ द्यावं असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली दिला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते, तिनंच. वलींच्या कबरीशी जायला कोर्ट आहे. स्वतःच्या लेकराच्या कबरीशी जायला कुठलं कोर्ट?

आणि हे सगळं अशा वर्षात, ज्या वर्षी मार्चमध्ये खुलताबादच्या एका कबरीवरून नागपूर पेटलं. त्याआधी २०२२ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखालच्या कबरीभोवतीचं बांधकाम पाडलं गेलं, तेही याच जिल्ह्यात. आणि २०२३ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला आणि आमच्यातल्या एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून बायको सातारला निकाहाला यायलाही कुरकुर करायची. त्यामुळं ती फिरायला तयार झाली याचं मला नवल वाटलं होतं. ती फिरायला आलेलीच नव्हती.

रविवारी सकाळी अजिंक्यतारा चढलो. तिच्या गुडघ्यांमुळं वरपर्यंत रिक्षानं गेलो आणि तटावरून फिरलो. या किल्ल्याच्या पोटात आपल्या सगळ्यांचा इतिहास कोंबून भरलाय. आदिलशाहीतल्या भांडणात किश्वरखानानं चांदबिबीला १५८० च्या सुमारास इथं आणून कैदेत ठेवलं होतं. १७०० साली औरंगजेबानं किल्ला घेतला. त्या वेढ्यात मोगलांनी पेरलेला सुरुंग उलटून त्यांचेच शेकडो लोक तटाखाली गाडले गेले. शहजादा आझमच्या नावावरून गडाचं नाव आझमतारा ठेवलं. मराठ्यांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा झाला. पुढं ताराबाईंनी १७५० मध्ये याच किल्ल्यावर रामराजाला अटकेत ठेवलं. नाव बदलण्याची रीत जुनीच आहे. फरक एवढाच की तेव्हा त्यासाठी वेढा घालावा लागायचा.

मला मात्र या गावात आवडतो तो शाहू. वयाच्या सातव्या वर्षी आई येसूबाईंबरोबर कैदेत गेला, अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत वाढला आणि १७०७ मध्ये सुटला. सुटल्यावर तो खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेला होता, हे मराठ्यांच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्याचा राज्याभिषेक झाला. किल्ल्याखालचं गाव, शाहूनगर, त्यानंच वसवलं. छावणीत त्याच्यावर औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिनं माया केली. तिनं लग्न केलं नव्हतं. तिच्या आठवणीसाठी शाहूनं साताऱ्यात मशीद बांधली, बेगम मशीद, असं इथली जुनी माणसं सांगतात. तटावर बसून हे मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "येसूबाईंना काय वाटलं असेल? आपलं पोर दुसरीच्या मांडीवर." मी इतकी वर्षं ही हकिकत ऐक्याचं उदाहरण म्हणून भाषणांत सांगत आलोय, येसूबाईंकडून ती कधी कुणी मला विचारली नव्हती. खाली सगळं सातारा दिसत होतं. पूर्वेला माहुलीकडं कृष्णा आणि वेण्णा एक होतात, तिथंच शाहूची समाधी आहे. तेच पाणी पुढं आमच्या सांगलीच्या घाटाला लागतं, आणि २०१९ सारख्या पावसाळ्यात थेट घरात येतं.

दुपारी सदर बझारात नातलगांकडं जेवलो. कब्रस्तानाचं तिथं काही बोललो नाही. बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत तीन मौलाना आणि पाच मामू गोळा झाले असते.

जोहरची नमाज झाल्यावर गेंडामाळावर पोचलो. फाटकाशी राखणदार चाचा बसले होते, सत्तरीचे, डोक्याला मफलर. सलाम झाला. मी आत जातो म्हटलं, ते म्हणाले, जाव. मग त्यांचं लक्ष मागं गेलं. "औरतां अंदर नै आते, भाई. हितंच भिंतीपाशी थांबू द्या, हितनं फातेहा पढते सगळ्या." आवाज चढलेला नव्हता. गावची रीत सांगत होते. मी सुरू झालो. हदीस कुठली, रिवायत कुणाची, मक्का-मदिना, हाजी अली. चाचा ऐकत होते आणि दर वाक्याला त्यांचा चेहरा जास्त बंद होत होता.

बायकोनं माझ्या दंडाला हात लावला आणि पुढं झाली. "चाचा, मेरी बच्ची है अंदर. त्र्याण्णव साल की. मैंने देखीच नै जगा."

चाचा बराच वेळ तिच्या हातातल्या दह्याच्या डब्याकडं बघत राहिले. "त्र्याण्णव को मेरे अब्बा खोदते थे," ते म्हणाले. मग आजूबाजूला बघितलं. "असर के बाद आव. तब कोई नै रहता."

असरपर्यंत आम्ही समोरच्या टपरीवर दोनदा चहा घेतला. ती काही बोलली नाही. एकदा फक्त ओढणीचं टोक दातात धरून सोडलं.

चाचांनी फाटक उघडलं आणि आमच्यामागं ओढून घेतलं. आत शिरताना कबरीवाल्यांना सलाम केला, दोघांनी. लहान मुलांची ओळ मागच्या भिंतीला आहे. भिंत नवी बांधलीय, पण करंजाचं झाड तेच होतं, दुप्पट जाड झालेलं. त्या दिवशी पाऊस लागू नये म्हणून मी त्याच झाडाला पाठ लावून उभा होतो, ते मला पक्कं आठवत होतं. पण ओळीत आता नव्या कबरी आहेत. कब्रस्तानात जागा पुन्हा वापरतात, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे का, ते माहीत नव्हतं.

"इथंच," मी म्हटलं. "झाडापासून तीन पावलं."

"झाडाच्या या अंगाला का त्या?"

"या."

ती खाली बसली. तिथं एक छोटी ताजी कबर होती, वर कुणीतरी ठेवलेला गुलाब सुकलेला. तिनं गुलाब सरळ केला. "दुसऱ्या कुणाचंय का हे?" तिनं विचारलं. चाचा मागून म्हणाले, "हौ बेटा. दोन महिने झाले. जगा कमी है." ती म्हणाली, "असू दे. सोबत झाली."

चाचांनी खुरपं आणून दिलं. तिनं नव्या कबरीच्या उशाला एक रोप लावलं आणि हातभर बाजूला दुसरं. मी फातेहा पढायला हात वर केले, तिनंही केले. ती रडेल म्हणून मी आदल्या रात्रीपासून धास्तावलो होतो. बायका आत आल्या की रडून गोंधळ करतात, असं मोठ्यांकडून ऐकत मीही मोठा झालोय. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढंच. पैगंबर साहेबांनी आपला लहानगा इब्राहीम दफन केला, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून आलं होतं.

उठताना चाचांनी विचारलं, "नाम क्या रखे थे बच्ची का?"

तिनं नाव सांगितलं. स्वच्छ, पूर्ण, माझ्या आडनावासकट. बत्तीस वर्षांत ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

चाचांनी डबा भरून पाणी दिलं. मी त्यांना पैसे देऊ केले, तर म्हणाले, मशिदीच्या पेटीत टाका. बायकोनं त्यांचा मोबाइल नंबर घेतला, स्वतःच्या फोनमध्ये, आणि 'सातारा चाचा' म्हणून लिहून ठेवला. स्टँडवर सांगलीची गाडी गच्च होती. कराडपर्यंत उभं राहिलो, तिथं एक सीट मिळाली, तिला बसवलं. पेढ्याचा पुडा मांडीवर होता. भावजयीला दाखवायला निदान तेवढं तरी.

त्यानंतर दर जुम्म्याला ती चाचांना फोन लावते. गेल्या खेपेला समजलं ते असं, की एक रोप बकरीनं खाल्लं. दुसऱ्यानं जीव धरलाय. कुठलं उरलं, आपलं का त्या दुसऱ्या बाळाचं, हे मी विचारायला सांगितलं होतं. तिनं विचारलं नाही.